ऐषारामी हॉटेल, उंची भोजन आणि रोजचा संसार: विश्रांती नेमकी कोणाला मिळते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पती-पत्नी दोघांनाही उत्तम हॉटेलांत राहण्याची आणि नावाजलेल्या रेस्तराँमध्ये निवांत जेवण्याची मनापासून आवड आहे. घरात शाळेत जाणारी दोन मुले आणि वयस्कर आई आहेत. वर्षातून मोजक्या वेळा असा खर्च परवडतो, परंतु मुक्कामात अपेक्षेइतकी विश्रांती मिळत नाही, परतल्यावर घर फिके वाटते आणि मुलांना अशा जेवणाला न्यावे की नाही हे ठरत नाही. या आवडीची रोजच्या घरगुती आयुष्याशी सांगड कशी घालावी?

मी ऐषारामी हॉटेलांच्या स्वागतकक्षात आणि भोजनकक्षात दीर्घकाळ काम केले आहे आणि त्याच काळात स्वतःचे घरही चालवले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की कुठे जावे आणि किती तारे पाहावेत, हे प्रश्न दुय्यम आहेत. पहिला प्रश्न हा, की या मुक्कामात घर चालवणारी व्यक्ती खरोखर मोकळी होणार आहे का. ती मोकळी झाली तर मध्यम दर्जाचे हॉटेलही सुखाचे ठरते. ती मोकळी झाली नाही तर सर्वांत महागड्या सूटमध्येही त्या कुटुंबाने कामाची जागा तेवढी बदललेली असते.

स्वागतकक्षातून हे फार स्पष्ट दिसते. कुटुंब आत येते तेव्हा सर्वांची ओळखपत्रे एकाच व्यक्तीच्या पिशवीत असतात. धाकट्याला कोणता पदार्थ चालत नाही, आजींचे रात्रीचे औषध किती वाजता असते, सकाळी न्याहारी किती वाजेपर्यंत मिळते, पोहण्याचे कपडे कोणत्या बॅगेत आहेत, हे सारे त्याच व्यक्तीला ठाऊक असते आणि तिलाच विचारले जाते. निघताना खोलीत काही राहिले नाही ना, हे पाहणारीही तीच. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातील या अदृश्य श्रमाचे चार टप्पे सांगितले आहेत: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरवलेले पार पडते की नाही यावर लक्ष ठेवणे. त्यांना असे आढळले की निर्णय बहुधा दोघे मिळून घेतात, परंतु गरज ओळखण्याचे आणि लक्ष ठेवण्याचे काम प्रामुख्याने स्त्रीकडे राहते. हॉटेल स्वयंपाक आणि सफाई आपोआप स्वतःकडे घेते. हे दोन टप्पे मात्र कोणी मुद्दाम सोपवल्याशिवाय ते घेऊ शकत नाही.

आणि गंमत अशी की उत्तम हॉटेलचे खरे कौशल्य नेमके याच दोन टप्प्यांत असते. ऐषारामाचा इतिहास पाहिला तर हे पटते. बॉस्टन येथे १८२९ साली उघडलेल्या ट्रेमाँट हाउसची ख्याती झाली ती प्रत्येक खोलीला कुलूप, पाहुण्यांसाठी साबण आणि इमारतीच्या आत शौचालये या सोयींमुळे. लंडनचे सॅव्हॉय १८८९ साली सुरू झाले तेव्हा विजेचे दिवे आणि विजेवर चालणारी लिफ्ट यांचे अप्रूप होते. हॉटेलव्यावसायिक सेझार रिट्झ यांनी १८९८ साली पॅरिसमध्ये आपल्या नावाचे हॉटेल उघडले तेव्हा खोलीला लागून असलेले स्नानगृह हे वैभव मानले जाई, आणि दहाच वर्षांनी, १९०८ साली, एल्सवर्थ स्टॅटलर यांनी अमेरिकेतील बफेलो येथे मध्यमवर्गीय प्रवाशांच्या हॉटेलात प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह दिले. म्हणजे वस्तुरूपातला ऐषाराम आज ना उद्या सामान्य घरांत पोहोचतोच. घरांत न पोहोचलेली गोष्ट एकच उरली आहे: आपल्या गरजेचा विचार आपल्या आधी दुसऱ्या कोणीतरी करून ठेवणे. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः यासाठी, आणि बहुतेक कुटुंबे नेमकी हीच गोष्ट न वापरता परत जातात.

ती वापरायची कशी, हे जरा सविस्तर सांगते, कारण येथेच सर्वाधिक लाभ आहे. मोठ्या हॉटेलांत रोज सकाळी विभागप्रमुखांची छोटी बैठक होते आणि त्यात त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी वाचली जाते. कोणत्या पाहुण्याला कोणती खोली, हे बहुधा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ठरते. तुमची विनंती त्याआधी पाहुण्याच्या नोंदीत पोहोचली असेल तर ती बैठकीत वाचली जाते आणि गृहव्यवस्था, स्वयंपाकघर व स्वागतकक्ष या तिघांपर्यंत जाते. दारात उभे राहून केलेली विनंती एकट्या स्वागतकक्षापुरती राहते आणि तोवर योग्य खोली दुसऱ्याला दिलेली असते. म्हणून येण्यापूर्वी तीन-चार दिवस आधी एकच सुटसुटीत ईमेल लिहावा. बुकिंग एखाद्या संकेतस्थळामार्फत झाले असले तरी हा ईमेल थेट हॉटेललाच लिहावा. त्यात कोणकोण येत आहे, मुलांची वये, ॲलर्जी, आईंच्या हालचालींची स्थिती, पोहोचण्याची अंदाजे वेळ आणि या मुक्कामाचा हेतू इतके असावे. हेतू लिहायला लोक संकोचतात, तो संकोच करू नये. "आमच्या घरात जी व्यक्ती सर्व सांभाळते तिला दोन दिवस काहीही ठरवावे लागू नये, अशी इच्छा आहे" हे वाक्य मिळाले तर चांगला कर्मचारी त्यावर पुष्कळ काही करू शकतो. न्याहारीची जागा राखून ठेवणे, मुलांच्या वेळा स्वतः कळवणे, जेवणाचे आरक्षण करून ठेवणे या त्याच्यासाठी सवयीच्या गोष्टी असतात.

हा ईमेल घर चालवणाऱ्या व्यक्तीने लिहू नये, एवढे मात्र पाळावे. तो दुसऱ्याने लिहावा, आणि हॉटेलकडे संपर्कासाठी क्रमांकही त्या दुसऱ्याचाच द्यावा. वरवर ही लहान बाब वाटेल, परंतु मुक्कामात येणारा प्रत्येक फोन कोणाकडे जातो यावर विश्रांतीचा निम्मा हिशेब ठरतो.

खोली मागताना शब्द नेमके वापरावेत. 'कनेक्टिंग' खोल्यांच्या मध्ये आतून दार असते. 'ॲडजॉइनिंग' खोल्या नुसत्या शेजारी असतात आणि एकीतून दुसरीत जाण्यासाठी बाहेरच्या मार्गिकेत यावे लागते. लहान मुले सोबत असताना हा फरक मोठा आहे, आणि चुकीची खोली मिळाल्यास दोन पालकांपैकी एकाला संपूर्ण मुक्कामभर पहारा द्यावा लागतो. आईंसाठी टबऐवजी उंबरठा नसलेला शॉवर मागावा. टबच्या कडेवरून पाय उचलून आत जाणे वृद्धांसाठी धोक्याचे असते आणि सुंदर संगमरवरी स्नानगृहात तो धोका वाढतो. त्यांची खोली लिफ्टपासून जवळ असावी, परंतु लिफ्टला किंवा कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याच्या दाराला अगदी लागून नसावी, कारण तेथे पहाटेपासून ढकलगाड्यांचा आवाज सुरू होतो.

एका रात्रीचा मुक्काम मी कुटुंबांना सहसा सुचवत नाही. दुपारी तीनला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडावी लागते, म्हणजे हाती वीस तास येतात. त्यातले आठ झोपेत जातात आणि उरलेल्यांतले काही सामान उघडण्यात व बांधण्यात. शिवाय ती झोपही पुरती होत नाही. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक गोलार्ध तुलनेने सावध राहतो आणि त्यामुळे झोप उथळ होते. दुसऱ्या रात्री परिस्थिती सुधारते. त्यामुळे वर्षातून चार वेळा एकेक रात्र जाण्यापेक्षा दोन वेळा दोन-दोन रात्री जाणे, तेवढ्याच पैशांत, कितीतरी फलदायी ठरते. दिवस निवडताना गर्दीच्या उलट जावे. शहरांतील व्यावसायिक प्रवाशांची हॉटेले शनिवार-रविवारी बरीच रिकामी असतात, तर सुट्टीच्या ठिकाणची रिसॉर्ट आठवड्याच्या मधल्या दिवसांत. भाडे कमी असते हा एक लाभ झाला. माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे हे, की कमी पाहुण्यांमागे तेच कसलेले कर्मचारी असतात आणि त्यांच्यापाशी तुमच्यासाठी वेळ असतो.

किती वेळा जावे, याचे उत्तर ऐपतीवर सोडू नये. मानसशास्त्रज्ञ जॉर्दी क्वॉइडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करण्यास सांगितले, काहींना हवे तेवढे खाण्यास दिले. आठवड्यानंतर वर्ज्य करणाऱ्यांना तेच चॉकलेट अधिक रुचले. हॉटेलांतही हेच पाहते. वारंवार येणारे पाहुणे खोलीतल्या उणिवा आधी मोजतात. बऱ्याच काळाने येणारे खिडकीशी जाऊन उभे राहतात. अंतर ठेवण्याने दुसरा एक लाभ होतो, तो वाट पाहण्याचा. नेदरलँड्समधील १,५३० प्रौढांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुट्टीवर जाणारे लोक सुट्टीच्या आधी न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले, आणि परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नाही. अतिशय निवांत सुट्टी घालवलेल्यांमध्येच काही काळ परिणाम टिकला. म्हणून तारीख दोन-तीन महिने आधी ठरवावी, मुलांना सांगावी आणि त्याविषयी घरात बोलणे चालू ठेवावे. अचानक ठरवलेल्या मुक्कामाचे आकर्षण मी समजू शकते, परंतु त्यात आनंदाचा पहिला आणि बिनखर्चाचा भाग वाया जातो.

पैशांविषयी थोडकेच सांगते. या आवडीसाठी वेगळी रक्कम बाजूला पडत असावी आणि ती घरखर्च, शिक्षण व औषधोपचार यांच्यानंतर ठरलेली असावी. एवढे पाळले तर मुक्कामात प्रत्येक बिलाकडे बघून मन खट्टू होत नाही. दर वेळी आधीच्यापेक्षा वरची खोली घेण्याची सवय लावून घेऊ नये, आणि हॉटेलांच्या गुण (पॉइंट) साठवण्याच्या योजनांसाठी नको असलेल्या ठिकाणी राहू नये. पैसे वसूल करण्याच्या भावनेने स्पा, तरणतलाव, व्यायामशाळा आणि तीनही जेवणे एका दिवसात उरकणारी कुटुंबे संध्याकाळी फार थकलेली दिसतात.

आता भोजनाविषयी. उंची रेस्तराँची निवड बहुतेक जण ताऱ्यांवरून करतात, म्हणून तारे काय सांगतात हे नीट माहीत असावे. मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीची मार्गदर्शिका १९०० साली मोटारचालकांसाठी निघाली, तारे १९२६ पासून देण्यात आले आणि एक ते तीन ताऱ्यांची श्रेणी १९३१ साली आली. परीक्षक कच्च्या मालाचा दर्जा, पाककौशल्य, चवींचा मेळ, शेफचे व्यक्तिमत्त्व आणि सातत्य पाहतात. तारा ताटातल्या अन्नाला मिळतो. बसण्याची सोय, आदरातिथ्य किंवा मुलांशी वागणूक यांबद्दल तो काहीही सांगत नाही. वाजवी दरात चांगले जेवण देणाऱ्या ठिकाणांसाठी १९९७ पासून 'बिब गुर्माँ' ही वेगळी नोंद आहे, आणि सहकुटुंब जाण्यासाठी मी आधी ती यादी पाहते. हॉटेलांसाठी याच संस्थेने २०२४ पासून 'की' (किल्ली) हे मानांकन द्यायला सुरुवात केली असून तेथे मात्र सेवा आणि वास्तव्याचा अनुभव विचारात घेतला जातो.

या भोजनातील मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट म्हणजे पदार्थ एकामागून एक येण्याची पद्धत. युरोपातील मेजवान्यांत पूर्वी सारे पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात आणि पुष्कळसे थंडच खावे लागत. १९व्या शतकात रशियन पद्धत रूढ झाली आणि प्रत्येक पदार्थ त्याच्या वेळी, गरम, प्रत्येकाच्या पुढ्यात येऊ लागला. पुढे फ्रेंच शेफ ऑगुस्त एस्कॉफिए यांनी स्वयंपाकघरातील कामांची विभागणी करून ही पद्धत मोठ्या हॉटेलांत शक्य केली. तिचा कौटुंबिक अर्थ फार महत्त्वाचा आहे: मेजावर बसलेल्यांपैकी कोणालाही उठावे लागत नाही. घरात जी व्यक्ती इतरांना गरम वाढते, ती स्वतः गरम जेवतेच असे नाही. येथे ती पहिल्या घासापासून शेवटपर्यंत सर्वांसोबत असते. म्हणून अशा जागी पदार्थ निवडण्याचे, मुलाचे ताट सांभाळण्याचे आणि वेटरला खूण करण्याचे काम दुसऱ्याने आधीच स्वतःकडे घ्यावे. ॲलर्जी आणि वर्ज्य पदार्थ किमान दोन दिवस आधी कळवावेत, कारण रस आणि सॉस यांचा पाया आदल्या दिवशीच रचलेला असतो आणि ऐनवेळी तो बदलता येत नाही.

शक्य असेल तेथे रात्रीऐवजी दुपारचे जेवण निवडावे. स्वयंपाकघर तेच असते, पदार्थांची संख्या कमी असते, दर बहुधा कमी असतो आणि सर्वजण ताजेतवाने असतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ सालच्या प्रयोगापासून दाखवले आहे की एखाद्या अनुभवाची आठवण त्याच्या उत्कट क्षणावर आणि शेवटावर अवलंबून असते, कालावधीवर फारशी नसते. तीन तासांच्या जेवणाचा शेवटचा अर्धा तास पेंगुळलेल्या मुलाला सावरण्यात गेला तर तोच लक्षात राहतो. हाच नियम मुक्कामालाही लावावा आणि शेवटच्या सकाळी पहाटेचा प्रवास ठेवू नये.

परतल्यावर घर फिके वाटते, या तक्रारीचे कारण मला घरात दिसत नाही, परतण्याच्या पद्धतीत दिसते. रविवारी रात्री उशिरा पोहोचायचे, बॅगांत न धुतलेले कपडे, स्वयंपाकघर रिकामे आणि सोमवारी सकाळी शाळा. हा सारा भार पुन्हा त्याच व्यक्तीवर पडतो आणि दोन दिवसांची विश्रांती एका रात्रीत संपते. दुपारपर्यंत घरी पोहोचावे आणि अर्धा दिवस मोकळा ठेवावा. निघण्यापूर्वीच परतल्याच्या रात्रीचे जेवण आणि दुसऱ्या दिवशीची तयारी कोणाकडे, हे ठरलेले असावे. हॉटेलात पाळीबदलाच्या वेळी नोंदवही एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि कोणत्याही पाहुण्याची विनंती एका माणसाच्या स्मरणावर सोडली जात नाही. घरातही औषधांच्या वेळा, शाळेच्या सूचना आणि संपत आलेले सामान एका ठिकाणी लिहून ठेवले, तर मुक्कामाआधी काम सोपवणे सोपे जाते आणि नंतरही ते थोडेफार वाटलेले राहते. हॉटेलातली चादर किंवा सुगंध घरी आणण्याला माझा विरोध नाही, पण नोंदवही आणावी असा माझा आग्रह आहे. त्याचबरोबर आठवड्यातून एक जेवण असे असावे की स्वयंपाक करणारी व्यक्ती आरंभीच बसेल आणि इतर जण वाढतील. चांगली सेवा पाहिलेली मुले हे काम आनंदाने आणि आश्चर्य वाटावे इतक्या नीटपणे करतात.

मुलांना नेण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. शेफने ठरवलेल्या अनेक पदार्थांच्या दीर्घ जेवणाला साधारण दहा वर्षांखालील मुलांना नेऊ नये. त्यात मुलांची परीक्षा होते आणि शेजारच्या मेजावरील लोकांनीही तेवढेच पैसे मोजलेले असतात. अशा जेवणाला दोघांनीच जावे, आणि आजींना मुले सांभाळायला सांगण्यापूर्वी त्यांचाही मुक्काम विश्रांतीचा आहे हे ध्यानात घेऊन हॉटेलकडे मुलांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीची चौकशी करावी. उरलेल्या सर्व प्रसंगी मुले सोबत असावीत. त्यांच्यासाठी सर्वांत चांगली शाळा म्हणजे हॉटेलची न्याहारी: निवड असते, वेळेचे बंधन सैल असते, उठून फिरता येते आणि वाढणाऱ्याकडे बघून "कृपया" व "धन्यवाद" म्हणण्याचा सराव होतो. त्यात ती रुळली की संध्याकाळच्या पहिल्या वेळेला, स्वतंत्रपणे पदार्थ मागवता येतील अशा भोजनकक्षात, भिंतीलगतचे मेज मागून न्यावे. मुलांचा पहिला पदार्थ लगेच आणण्यास सांगावे, मोठ्यांच्या पदार्थांचे अर्धे प्रमाण मिळेल का हे विचारावे. पुष्कळ स्वयंपाकघरे ते देतात. मूल कंटाळले तर त्याला घेऊन बाहेर कोणी जायचे, हे बसण्याआधी ठरवावे आणि ती जबाबदारी रोज घरी हेच करणाऱ्या व्यक्तीकडे देऊ नये. गोड पदार्थ राहिला असेल तर तो खोलीवर पाठवण्यास सांगावे. हॉटेलच्या भोजनकक्षात ही विनंती नेहमीचीच असते.